रोजचं स्टेशन, पण गाणी भलतीच! रेडिओवरची गाणी बदलतात कशी आणि श्रोत्याचं ऐकतं कोण?

बदलापूर : हेंद्रेपाड्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. घरातले आजोबा अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी नळाला पाणी आलं की बादली लावायची, गॅसवर चहा ठेवायचा आणि खिडकीतला रेडिओ सुरू करायचा, हा वर्षानुवर्षांचा क्रम. काटा एकाच स्टेशनवर, त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. तिथे जुनी गाणी लागायची. एका सोमवारी काटा तिथेच होता, पण गाणी भलतीच. निवेदकही नवा, मागे कुत्रं लागल्यासारखा बोलणारा. आजोबांनी आधी नातवाला विचारलं, "काटा तू हलवलास का रे?" मग सेल बदलून पाहिले. चार दिवसांनी लक्षात आलं, बिघाड रेडिओत नाहीच. स्टेशननेच गाणी बदललीत.

अशी घरं बदलापुरात, मुरबाडला, शहापूरला शोधायला गेलं तर कितीतरी सापडतील. घरातले लोक हसण्यावारी नेतात. "एवढं काय त्यात, मोबाइलवर लाव की." पण मोबाइलवर गाणं आपण शोधून लावतो, रेडिओवर ते न मागता येऊन भेटतं. शिवाय मोबाइल नातवाच्या हातात असतो आणि डेटा सुनेच्या पॅकमधला. रेडिओ तेवढा आजोबांचा असतो. त्यावरची गाणी न विचारता बदलली की राग येणारच.

मग प्रश्न असा, की रेडिओवर काय वाजायचं हे ठरवतं कोण? आणि आपल्यासारख्याला त्यात काही बोलता येतं का?

स्टेशनचं गिऱ्हाईक कोण?

खासगी एफएम स्टेशन ऐकायला आपण एक रुपयाही देत नाही. पैसे जाहिरातदार देतो. म्हणजे स्टेशनचं खरं गिऱ्हाईक जाहिरातदार. त्याला विकला जाणारा माल म्हणजे आपले कान! ऐकायला कडू वाटेल, पण गाणी का बदलतात ते इथेच कळतं.

खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी सरकार लिलावात विकतं. २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीची बोली १०० कोटी रुपयांच्या वर गेली होती. वर सरकारला दरवर्षी फी, गाण्यांच्या कंपन्यांना पैसे, टॉवरचं भाडं आणि माणसांचे पगार वेगळेच. एवढा पैसा वसूल करायचा तर जाहिरात हवी, आणि जाहिरातदार पहिल्यांदा विचारतो ते ऐकणाऱ्यांचं वय आणि खर्च करण्याची ताकद. गाडी, फ्लॅट, मोबाइल विकणाऱ्याला पंचविशीतला पगारदार माणूस हवा असतो. सत्तरीतले आजोबा कितीही निष्ठेने ऐकत असले तरी त्यांच्या हिशेबात ते बसत नाहीत.

म्हणून जाहिराती कमी झाल्या, मालक बदलला किंवा शेजारचं स्टेशन पुढे गेलं, की गाणी बदलतात. कधी नाव आणि निवेदकही बदलतात. मुंबईत हे नवीन नाही. २००२ मध्ये शहरात खासगी एफएम सुरू झाले, त्यांतलं विन ९४.६ काही वर्षांतच बंद पडलं. ९४.३ वरच्या रेडिओ वनने गेल्या दशकात हिंदी गाणी सोडून इंग्रजी गाण्यांची वाट धरली. काटा न हलवता माणसं एकदम दुसऱ्या मुलखात! उलटंही झालंय. २०१५-१६ नंतर फक्त जुन्या हिंदी गाण्यांची स्टेशनं मुंबईत आली, कारण चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या खिशात पैसा आहे हे जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं.

तीच ती गाणी पुन्हा पुन्हा का, ही दुसरी नेहमीची तक्रार. खासगी स्टेशनकडे हजारो गाणी असली तरी रोजच्या फिरतीवर काही शेच असतात. गाण्याचा छोटा तुकडा लोकांना ऐकवून आवडलं की कंटाळा आला ते विचारतात आणि त्यावरून यादी लावतात. कुठलं गाणं किती तासांनी परत यायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. निवेदक हसतखेळत म्हणतो, 'आता तुमच्यासाठी खास', पण गाणं बहुतेक वेळा त्याने निवडलेलं नसतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

१९५२ : अख्ख्या देशाचं स्टेशन बदललं

हेंद्रेपाड्यातल्या आजोबांना जे वाटलं, ते एकेकाळी सगळ्या देशाला वाटलं होतं. आणि ते घडवणारा मंत्री मराठी माणूस होता.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मनापासून ध्यास. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा देशात रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. खासगी स्टेशन नव्हतं, टीव्ही नव्हता. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढून दरवर्षी फी भरावी लागायची. म्हणजे ऐकणारा पैसे भरत होता, तरी त्याला विचारलं कुणी नाही.

सिनेमाच्या गाण्यांवर कागदोपत्री सरसकट बंदी कधीच नव्हती. आधी गाणी निवडून, गाळून घ्यायला सुरुवात झाली. वेळ कमी झाला. मग ठरलं की गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती सिनेमाची फुकट जाहिरात होते. यावर निर्माते भडकले. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. या भांडणात काही महिन्यांत सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली. त्यांच्या जागी आलं शास्त्रीय गायन आणि वादन.

लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही. काटा फिरवला. शॉर्ट वेव्हवर कोलंबोहून रेडिओ सिलोन लागायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला दणकट ट्रान्समीटर त्यांच्याकडे होता, त्यामुळे आवाज हिंदुस्थानभर पोहोचायचा. १९५२ च्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. यातली गंमत अशी की कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून गाणी परत मुंबईला ऐकू यायची. म्हणजे दादरचं गाणं बदलापूरला यायला लंकेला वळसा! टूथपेस्टच्या जाहिरातीचे पैसेही तिकडेच गेले.

त्या काळचा एक किस्सा अजून सांगतात. दहा घरांत जाऊन विचारलं, रेडिओवर कुठलं स्टेशन लावता? नऊ घरं म्हणाली सिलोन. दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला होता.

सरकारला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या पुढाकाराने. सिनेमाची गाणी परत आली. आणखी दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पहिल्यांदा आपल्याच राज्यात : मुंबई, पुणे आणि नागपूर.

केसकरांना नुसता खलनायक ठरवणं मात्र बरोबर नाही. त्याच काळात आकाशवाणीने स्वतःची गाणी करून घेण्यावर जोर दिला. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर चाललेली ५६ गाणी. लोक रेडिओपुढे हात जोडून बसायचे. सिनेमाच्या गाण्यांना दार बंद असलेल्या वर्षांतच हे घडलं, हे विसरता येत नाही. फरक एवढाच, की गीतरामायण लोकांनी आपलं मानलं आणि सिनेमाची गाणी गेली ते मानलं नाही. चांगलं काही दिलं म्हणून आवडतं काढून घेतल्याचा राग जात नाही.

जाता जाता पेटीची गोष्ट. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांचं पेटीवाचून पान हलत नाही. पण १९४० पासून सुमारे तीस वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. भारतीय गाण्यातले बारीक सूर पेटीत निघत नाहीत, हे कारण. देवळात पेटी चालली, रेडिओवर नाही.

पत्र लिहिणारं गाव मोजलं जायचं

त्या जमान्यात छोट्या गावाच्या हातात एक गोष्ट होती. पोस्टकार्ड. झुमरीतलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं, आता झारखंडमधलं छोटं गाव. तिथून फर्माइशीची एवढी पत्रं जायची की गावाचं नाव सगळ्या देशाला पाठ झालं. मराठीत आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. पत्र टाकायचं आणि आपलं नाव कधी येतं म्हणून कान लावून बसायचं. कामगारांसाठी मुंबई केंद्रावर 'कामगार सभा', बायकांसाठी 'वनिता मंडळ', पोरांसाठी 'गंमत जंमत'. अंबरनाथच्या कारखान्यात राबणाऱ्याला 'कामगार सभा' हे नावच आपल्या घरचं वाटायचं.

आता मोजणी कशी होते ते बघा. जाहिरातदारांना आकडे हवेत म्हणून २००७ च्या सुमारास 'रॅम' नावाची पद्धत आली. शहरातली काही ठरावीक माणसं निवडायची, त्यांना डायरी द्यायची, कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते त्यांनी लिहायचं. मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या महानगरांची. मुरबाडच्या वाडीवर शेतात बांधावर रेडिओ लावून बसलेला माणूस त्या डायरीत येतच नाही. मुंबईचं स्टेशन त्याने दिवसभर ऐकलं काय आणि महिनाभर बंद ठेवलं काय, आकडा तोच. आजोबांची खरी अडचण इथे आहे. त्यांनी चिडून स्टेशन बदललं तरी कुणाला कळणार नाही.

मराठी गाण्यांचंही तेच. मुंबईच्या खासगी एफएमवर मराठी गाणी का नाहीत, यावरून राजकीय पक्षांनीही आवाज उठवला होता. हिंदी गाण्याला सगळ्या भाषांचे लोक ऐकतात, मराठी गाण्याला फक्त मराठी, असा स्टेशनांचा सरळ हिशेब. पण मुंबई ओलांडून कल्याणच्या पुढे आलं की हाच हिशेब उलटा होतो. इकडे मराठीच जास्त ऐकतील. मात्र इकडचं मोजलंच जात नाही.

कधी गाणं नाही, लहरच बदलते

आपल्या तालुक्यांत आणखी एक घोळ होतो. स्टेशनने गाणी बदललेली नसतात, पण ते लागतच नाही. याचं कारण डोंगर.

जुना रेडिओ मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर चालायचा. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, मध्ये टेकडी आली तरी वळसा घालतात. आवाजात खरखर असते, पण आवाज येतो. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर अशीच लांबवर ऐकू यायची. एफएमचं तंत्र वेगळं. आवाज स्वच्छ, पण लहर सरळ रेषेत जाते. टॉवर आणि तुमचा रेडिओ यांच्या मध्ये डोंगर आला की संपलं. बदलापूर उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे आणि मुंबईच्या बाजूला मलंगगड, चंदेरी, माथेरान अशी रांग उभी आहे. म्हणून एकाच इमारतीत चौथ्या मजल्यावर स्टेशन खणखणीत लागतं आणि तळमजल्यावर नुसती खरखर.

मुंबईत विविध भारती पूर्वी ११८८ किलोहर्ट्झवर लागायची, आता १०२.८ एफएमवर लागते. शहरातल्या माणसाला आवाज सुधारला. डोंगरामागच्या माणसाचं मात्र आवडतं स्टेशनच गेलं. देशभर मध्यम लहरींचे बरेच जुने ट्रान्समीटर बंद होत आलेत. सुट्या भागांचा आणि विजेचा खर्च मोठा, हे खरंच आहे. पण त्याची किंमत सगळ्यात आधी खेड्याने मोजली.

मग करायचं काय?

आधी आपलं स्टेशन कुणाचं ते बघा. खासगी असेल तर गाण्यांचा प्रकार बदलणं हा काही गुन्हा नाही. त्यावर सरकारी तक्रार चालत नाही. अश्लील किंवा भडकाऊ काही वाजलं तर गोष्ट वेगळी. एरवी स्टेशनला कळवता येतं, पण त्यांनी ऐकलंच पाहिजे असं काही नाही. तिथे कान काढून घेणं एवढंच हातात. सिलोनच्या वेळी लोकांनी तेच केलं होतं, फक्त ती माणसं लाखांत होती.

आकाशवाणीचं तसं नाही. ती प्रसार भारतीची, म्हणजे आपल्या करातून चालणारी संस्था. तिथे विचारायचा हक्क आहे. कुठला कार्यक्रम किती वाजता याचा ठरलेला तक्ता प्रत्येक केंद्राकडे असतो, त्याला ते फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात. कार्यक्रम बदलला तर त्या तक्त्यात नोंद होते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून ही माहिती मागता येते : अमुक कार्यक्रम कधी बंद झाला, कुणाच्या आदेशाने, मराठी गाण्यांना आठवड्यात किती वेळ आहे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरही प्रसार भारतीविरुद्ध तक्रार नोंदवता येते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा.

ओरड केल्याने काही होतं का? कधी होतं, कधी नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा आदेश आला. पुण्यात मोठी नाराजी झाली, विषय थेट मंत्र्यांपर्यंत गेला आणि निर्णय थांबला. नागपूरच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. १९८८ पासून नागपूरहून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या जानेवारीत बंद झाली. तिचे श्रोते म्हणजे ट्रकवाले, वॉचमन, रात्रपाळीचे कामगार. पुण्याच्या श्रोत्यांची बाजू मांडायला वर्तमानपत्रं आणि पुढारी होते. रात्री दोन वाजता गाडी चालवणाऱ्याची बाजू कोण मांडणार?

दरम्यान, गाणी ऐकायची सोय मोबाइलवर आहे. आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर देशभरातली केंद्रं थेट ऐकू येतात. नाव बातम्यांचं असलं तरी गाणीही आहेत. 'रागम' ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली, तीही तिथेच. केसकर असते तर खूश झाले असते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात 'वेव्हज' हे दुसरं ॲपही आणलं. डोंगराची अडचण इथे नाही, डेटा मात्र लागतो.

डेटा न जाळता ऐकायचं तर फोनमधला साधा एफएम शोधा. त्याला वायरवाला इअरफोन लावावाच लागतो, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. गाणं स्पीकरवर ऐकायचं असलं तरी वायर खोचलेली हवी. बऱ्याच नव्या फोनमध्ये ही सोय दिलेलीच नसते किंवा असून बंद ठेवलेली असते. २०२३ मध्ये केंद्राने मोबाइल कंपन्यांना ती चालू ठेवायला सांगितलंय. नवा फोन घेताना दुकानदाराला हे विचारायला विसरू नका. घरच्या रेडिओला खरखर येत असेल तर तो पश्चिमेकडच्या खिडकीत उंचावर ठेवा आणि अँटेना पूर्ण ओढून हळूहळू फिरवून बघा.

आणि आजोबांना पत्रच लिहायचं असेल, तर जरूर लिहावं. मराठी कार्यक्रमांसाठी पत्ता : केंद्र प्रमुख, आकाशवाणी मुंबई, बॅकबे रेक्लमेशन, चर्चगेट, मुंबई ४०००२०. विविध भारतीसाठी : विविध भारती, गोराई रोड, बोरिवली पश्चिम, मुंबई ४०००९१. 'हल्ली काही चांगलं लागत नाही' एवढंच लिहू नये, त्यावर कुणी काही करू शकत नाही. तारीख, वेळ, वाहिनीचं नाव, आधी काय लागायचं आणि आता काय लागतं, हे नेमकं लिहावं. खाली गाव आणि तालुका ठळक अक्षरात. शेजारच्या चार घरांच्या सह्या घेतल्या तर आणखी बरं, सगळ्यांचा पिन कोड एकच असला तरी चालेल.